दहा मिनिटांचा कोड

जेसल पार्क, भाईंदर पूर्व
४ फेब्रुवारी २०२५

संपदा,

पाकिटावरच्या अक्षरावरून पत्र कुणाचं ते कळलंच असेल. बाजूला टाकण्याआधी एवढं वाच की कुणी आजारी नाही, आणि मी घरी ये म्हणणार नाही. माझं एक काम अडलंय आणि ते तुझ्याशिवाय होत नाही.

फोन करू नकोस म्हणालीस, मेसेजही नको म्हणालीस. सतरा महिने मी ते पाळलं. पत्राबद्दल तू काही बोलली नव्हतीस. पत्ता, वारसाच्या कागदांवर सह्या करून तू बेंगळुरूहून पाठवलेल्या पाकिटावरचा आहे.

मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. पप्पा गेल्यावर आईनं अभ्यास सोडला असेल, असं तुला वाटलं असेल. सोडला होता, चार महिने. मग दिवस संपेनात, म्हणून परत पुस्तक धरलं. विषय इतिहास. आता मुक्त विद्यापीठानं सगळ्या विद्यार्थ्यांच्या खात्यांना दुसरं कुलूप लावायचं ठरवलंय. नुसत्या पासवर्डनं खातं उघडणार नाही. पासवर्ड टाकला की मोबाइलवर सहा आकड्यांचा कोड येणार, तो टाकला तरच आत. ज्यांनी २८ फेब्रुवारीपर्यंत हे केलं नाही त्यांची खाती बंद. खातं बंद म्हणजे स्वाध्याय पाठवता येणार नाहीत, हॉल तिकीट निघणार नाही, वर्ष गेलं.

माझ्या खात्यावर नंबर तुझ्या पप्पांचा आहे. फॉर्म त्यांनीच भरला होता. गॅस, वीज, रेशनकार्ड, तुझी शाळा, आपल्या घरातल्या प्रत्येक कागदावर त्यांचाच नंबर. माझ्या हातात स्वतःचा फोन आल्यावरही त्यांनी सवयीनं तोच लिहिला, आणि मीही शेजारी बसून माझा लिहा म्हटलं नाही. ते सिमकार्ड आता तुझ्याकडे आहे. पुण्यानुमोदनाच्या दिवशी, त्यांच्या आठवणीत सगळे जमले होते तेव्हा, तू त्यांचा फोन पर्समध्ये टाकलास आणि मी दारातच उभी होते.

अभ्यासकेंद्रावर रुचिता मॅडम म्हणून आहेत, तुझ्याच वयाच्या. त्या म्हणाल्या, "काकू, दोनच रस्ते. जुन्या नंबरवर कोड येऊ द्या, तो टाका, आत गेल्यावर तुमचा नंबर घाला. नाहीतर मृत्यूचा दाखला, प्रतिज्ञापत्र, अर्ज, सगळं मुख्य कार्यालयात. दीड महिना धरा."

दीड महिना माझ्याकडे नाही.

तेव्हा असं कर. गुरुवारी, १३ तारखेला, सकाळी बरोबर अकराला मी केंद्रातल्या कॉम्प्युटरवर 'कोड पाठवा' हे बटण दाबीन. कोड दहा मिनिटं चालतो. तुझ्याकडे आला की तेवढे सहा आकडे माझ्या नंबरवर पाठव. आकड्यांच्या पुढेमागे काही लिहायची गरज नाही.

नंबर चालू आहे हे मला ठाऊक आहे. कधी कधी माझ्या फोनवर 'संपदाचे पप्पा' या नावाखाली 'ऑनलाइन' असं उमटतं. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी पाणी प्यायला उठले. आता कळतं की तू त्यांचे जुने फोटो बघत असशील.

पप्पांच्या त्या शेवटच्या दिवसांबद्दल इथं काही लिहीत नाही. मी तेव्हा सांगितलं तेच खरं. तिला कामातून उठवू नको, शनिवारी सावकाश येऊ दे, असं तेच म्हणाले होते.

१३ तारीख, अकरा वाजता.

आई


१३ फेब्रुवारी २०२५, संध्याकाळ

संपदा,

कोड आला नाही. म्हणजे तुझ्याकडे आला असेल, माझ्याकडे आला नाही.

मी दहालाच केंद्रावर जाऊन बसले होते. पश्चिमेच्या बाजारातून गेले. पप्पा ज्या दुकानात भांड्यांवर नावं टाकायचे, तिथं आता मोबाइलची कव्हरं मिळतात. तुला आठवतं का, गिऱ्हाईक नाव सांगायचं आणि पप्पा ते आधी माझ्याकडून कागदावर लिहून घ्यायचे. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर पातेलं परत घेत नाहीत, म्हणायचे. सातवी शिकलेल्या बाईला शुद्धलेखनाची भीती त्या पातेल्यांनी घातली. मग ती भीती घालवायला मी वाचनालयातून पुस्तकं आणू लागले. एवढंच माझं शिक्षण, मग बी.ए.साठीची पूर्वतयारी परीक्षा, आणि पुढचं सगळं या तीन वर्षांतलं.

केंद्रावर गर्दी होती. रुचिता मॅडम दमून गेल्या होत्या. वीस जणांत बारा जणांचे नंबर दुसऱ्याच कुणाचे निघाले. बायकांचे नवऱ्यांचे, म्हाताऱ्यांचे मुलांचे. एका बाईनं तर घरमालकाचा दिलेला. माझ्याशेजारी काशीगावचे आत्माराम बसतात, वॉचमनच्या नोकरीतून निवृत्त झालेले. ते म्हणाले, "माझा कोड सुनेच्या फोनवर. सून गेली रुसून माहेरी. आता सासरा बी.ए. व्हायचा का न्हाय, ते व्याह्याच्या घरी ठरणार हाय."

सगळे हसले. मीही हसले. मग त्यांनी मला विचारलं, "आणि ताई, तुमचा कुणाकडं?"

"मुलीकडे."

"मग काय काळजी हाय? मुलगी म्हंजे आपलीच."

अकराला बटण दाबलं. अकरा वाजून दहा मिनिटांनी दुसऱ्यांदा दाबलं. मग तिसऱ्यांदा. चौथ्यांदा दाबलं तेव्हा पडद्यावर लाल अक्षरांत आलं की खातं चोवीस तास बंद केलं आहे. रुचिता मॅडम म्हणाल्या, "काकू, इतक्यांदा मागितला की त्याला वाटतं कुणी चोर आहे."

मी म्हटलं, "बरोबरच वाटतं त्याला."

घरी येताना जिन्यात भानुबेन भेटल्या. काय झालं ते सांगितलं तर त्यांनी कपाळाला हात लावला. "अरे मनोरमाबेन, ओटीपी का नाम भी मत लो. मेरी जेठानी ने बताया किसीको, दो मिनिट में खाता साफ." मी म्हटलं, मी सांगत नाहीये, मागतेय. त्या म्हणाल्या, "वो तो और खराब."

पत्र तुला मिळालं नसेल, असं मी धरून चालते. मिळूनही तू गप्प बसली असशील तर तोही तुझा हक्क आहे. फक्त एकदा कळव, म्हणजे मी प्रतिज्ञापत्राच्या मागे लागते आणि यंदाची परीक्षा सोडून देते. सोडायला जड जाईल, हे मात्र लपवत नाही. पप्पांनी पहिल्या वर्षाची फी भरली तेव्हा पावती मला दाखवली नाही, आधी दुकानाच्या मालकाला दाखवली.

आई


१९ फेब्रुवारी २०२५

संपदा,

सोमवारी दुपारी मी भाजी निवडत होते. फोन वाजला आणि पडद्यावर 'संपदाचे पप्पा' आलं. मेसेज होता. हात पुसून वाचायला मला बराच वेळ लागला. तू लिहिलेलं मी इथं पुन्हा उतरवते, म्हणजे मी ते नीट वाचलंय हे तुला कळेल.

"दोन्ही पत्रं काल मिळाली. मी घर बदललंय, जुन्या घरमालकांनी आणून दिली. त्या दिवशी एकामागून एक तीन कोड आले, मला फ्रॉड वाटला म्हणून गप्प राहिले. कोड देईन. पण आम्हाला ऑफिसात शिकवतात की ओटीपी मागणारं माणूस तेच आहे याची आधी खात्री करा. म्हणून एक विचारते. पप्पा शेवटी माझ्याबद्दल नक्की काय म्हणाले? आठवून लिही. पत्रातच लिही, फोन नको." आणि खाली नवा पत्ता.

खात्री करायला तू दुसरं काहीही विचारू शकली असतीस. तुझ्या कपाळावरची खूण कशाची, पहिली शाळा कोणती. तू हे विचारलंस, म्हणजे माझं उत्तर तुला तेव्हाही पटलं नव्हतं.

दोन दिवस माझं पत्र पुरं होईना. जुनंच उत्तर लिहून पाकीट बंद करणं सोपं होतं. तू कोड दिला असतास, परीक्षा झाली असती. काल सकाळी मी ते लिहिलंही. चार ओळी झाल्या. वाचून पाहिलं तर त्या इतक्या सफाईनं उतरल्या होत्या की मलाच माझी भीती वाटली. कागद फाडला.

पप्पांनी तुला बोलव म्हटलं होतं.

रविवारी आम्ही त्यांना दवाखान्यातून घरी आणलं. सोमवारी संध्याकाळी मी त्यांना पेज भरवत होते. ते म्हणाले, "संपदाला बोलव." मी हो म्हटलं. मंगळवारी तुझा फोन आला. तू विचारलंस, "येऊ का?" मी म्हटलं, "डॉक्टर म्हणतात सुधारणा आहे, शनिवारी ये, रजा फुकट घालवू नकोस." हे मी गॅलरीत जाऊन बोलले. त्यांना ऐकू जाऊ नये म्हणून. बुधवारी सकाळी त्यांनी पुन्हा विचारलं, "बोलवलंस का?" आणि दुपारी साडेतीनला ते गेले.

तिला कामातून उठवू नको, असं ते कधीही म्हणाले नाहीत. ते वाक्य माझं आहे. तू गुरुवारी दारात उभी राहून "मला का नाही बोलवलंस?" विचारलंस तेव्हा ते माझ्या तोंडून निघालं. पुढे पुण्यानुमोदनाला चार नातेवाइकांनी विचारलं, त्यांनाही तेच सांगितलं. सांगून सांगून ते पक्कं झालं. गेल्या मे महिन्यात एकदा मी स्वतःशीच म्हणाले, ते असंच म्हणाले होते. तेव्हा मी थबकले, तरी या महिन्याच्या पहिल्या पत्रात तुला पुन्हा तेच लिहिलं.

का नाही बोलवलं, ते तू विचारलेलं नाहीस, पण सांगते. तू आली असतीस तर त्यांना परत दवाखान्यात नेलं असतंस. तू तशीच आहेस, हातात असेल ते करून पाहणारी. ते मला म्हणाले होते, आता नाकात नळी नको, मनोरमा. मी त्यांना शब्द दिला होता. तुझ्यापुढे माझा शब्द टिकला नसता, कारण तू शिकलेली आणि मी घाबरट. हे एक कारण. दुसरं असं की तुला बोलावणं म्हणजे ते जाणार, हे मी मान्य केल्यासारखं झालं असतं. शनिवार म्हटलं की शनिवारपर्यंत तरी ते आहेत, असं मला वाटत होतं. ही दोन्ही कारणं खरी आहेत आणि दोन्ही मिळूनही पुरत नाहीत.

नळीचा निर्णय चुकला असं मला अजूनही वाटत नाही. तुझ्या बाबतीत चुकलं.

मी गुरुवारी, २७ तारखेला, अकरा वाजता पुन्हा बटण दाबणार आहे. मुदतीच्या आदल्या दिवशी. एकदाच दाबीन. कोड आला नाही तर तुला त्यामागचं काही समजावून सांगावं लागणार नाही, मी प्रतिज्ञापत्र करीन आणि परीक्षेला पुढच्या वर्षी बसेन. वय झालं असलं तरी एवढा वेळ आहे.

आई


१ मार्च २०२५

संपदा,

गुरुवारचं आधी सांगते, मग तुझ्या प्रश्नाचं.

केंद्रावर तुरळक माणसं उरली होती. आत्मारामांची सून आदल्या दिवशी घरी परतली होती. ते म्हणाले, "मी बोललो तिला, भांडण कर, पण कोड दिऊन कर. तर म्हणे, मामा, तुम्हाला खरंच परीक्षा देयाची हाय? मला वाटलं टाइमपास हाय." त्यांचं काम पाच मिनिटांत झालं, तरी ते घरी गेले नाहीत. माझं होईपर्यंत बसून राहिले.

अकराला बटण दाबलं आणि फोन टेबलावर उपडा ठेवला. सरळ ठेवला असता तर मी त्याच्याकडेच बघत बसले असते. रुचिता मॅडम दुसऱ्या एका बाईचा फॉर्म भरत होत्या, पण त्यांचं अर्धं लक्ष घड्याळाकडे होतं. अकरा वाजून चार मिनिटांनी फोन थरथरला. सहा आकडे. पुढेमागे काही नाही, मी सांगितलं होतं तसंच.

आकडे टाकताना माझी बोटं दोन घरं एकदम दाबत होती. "सावकाश काकू," मॅडम म्हणाल्या, "अजून सहा मिनिटं आहेत." तिसऱ्या आकड्याला मी चुकले, पुसून परत टाकला. खातं उघडलं. तिथं पप्पांचा नंबर काढून मी माझा घातला. लगेच माझ्या फोनवर दुसरा कोड आला, माझ्या नावानं. कोड माझ्या हातात येण्याची ही पहिलीच वेळ. आत्माराम म्हणाले, "ताई, आता तुमचं कुणापाशी अडायचं न्हाय." ते चांगल्या मनानं म्हणाले. मी पर्स आवरत बसले.

तेवढ्यात तुझा दुसरा मेसेज आला. "गेलं का?"

मी "गेलं" असं लिहिलं. पुढे बरंच काही लिहावंसं वाटत होतं. मेसेज नको हे तुझं म्हणणं आठवून तेवढ्यावरच थांबले. संध्याकाळी दोन स्वाध्याय पाठवले. हॉल तिकीट एप्रिलमध्ये निघेल.

काल सकाळी तुझा तिसरा मेसेज आला. "बुधवारी त्यांनी 'बोलवलंस का' असं विचारलं, तेव्हा तू काय उत्तर दिलंस? ते तू लिहिलेलं नाहीस."

हो, लिहिलेलं नाही. मागच्या पत्रात त्या वाक्यावरून मी पुढच्या वाक्यावर उडी मारली, आणि तुझ्या लक्षात येणार नाही असं मला वाटलं होतं.

मी त्यांना म्हटलं, "बोलवलंय. काल रात्रीच गाडीत बसलीये."

त्यांचा चेहरा सैल झाला. त्यांनी विचारलं, "कुठं आली असेल?" नऊ वाजले होते. तू तेव्हा बेंगळुरूहून गाडीनंच यायचीस, आणि प्रत्येक वेळी मी इथं घरात बसून स्टेशनं मोजायचे, त्यामुळे मला सगळी पाठ होती. मी म्हटलं, "गुलबर्गा गेलं असेल." अकराला त्यांनी परत विचारलं, मी सोलापूर म्हटलं. मध्ये त्यांना झोप लागली. जागे झाले तेव्हा म्हणाले, "फोन कर तिला." मी फोन हातात घेतला. मग तेच म्हणाले, "नको. झोपली असेल गाडीत. झोपू दे."

दोनच्या सुमाराला मी दौंड म्हटलं. "दौंडला चहा प्यायली असेल," ते म्हणाले. "तिथला चहा तिला आवडत नाही, तरी पिते." हे तुझ्याबद्दलचं त्यांचं शेवटचं बोलणं. तू नक्की काय म्हणाले असं विचारलं होतंस. हे नक्की आहे, एक शब्द इकडेतिकडे नाही.

पुण्याला गाडी चारला येते. त्याआधीच ते गेले. दौंडच्या पुढे मला तुला आणता आलं नाही.

ते तुझी वाट बघत गेले, तू येते आहेस असं समजून गेले. हे ऐकून तुला बरं वाटेल की माझा अधिक राग येईल, ते मला सांगता येत नाही. मला स्वतःला ते रोज वेगळं वाटतं. एखाद्या दिवशी वाटतं, निदान ते समाधानात गेले. एखाद्या दिवशी वाटतं, मी तुझी जागा चोरली आणि तिथं एक खोटी गाडी उभी केली.

आता एक शेवटचं. विद्यापीठाच्या त्या पानावर माझ्या नंबराखाली आणखी एका नंबरासाठी जागा आहे. माझा फोन हरवला किंवा बंद पडला तर कोड तिथं जातो. रुचिता मॅडम म्हणाल्या, "जुनाच राहू द्या ना काकू, मुलीकडेच तर आहे." मी तो ठेवला नाही. त्या नंबरवर मी तीन वर्षं विसंबले, आणि या महिन्याभरात तुझ्याकडून जे मागायचं ते सगळं त्यांच्या नावाआडून मागितलं. तिथं मला तुझा नंबर हवा आहे, तुझा स्वतःचा. तू जुना बदललास असं ऐकलं, नवा माझ्याकडे नाही.

मी त्यावर फोन करणार नाही. तू म्हणेपर्यंत नाही. ती जागा रिकामी ठेवली तरी खातं चालतं, परीक्षाही होते, असं मॅडमनी सांगितलंय. तरी विचारते आहे.

आई